दोन भाषांचे शहर : कार्डिफ

प्रस्तावना

शनिवार-रविवारची जोडून सुट्टी आली, की जवळचे एखादे शहर पाहून यायचे, अशी पद्धत ब्रिटनमध्ये रूढ आहे. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसायचे, दोन दिवस पायी हिंडायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे. खर्च बेताचा, सामान हातातल्या पिशवीपुरते. अशा भेटीत शहराचे सगळे काही पाहून होत नाही. पण डोळे उघडे ठेवणाऱ्याला शहराचा स्वभाव मात्र कळू शकतो.

या पाठात लंडनला राहणारे एक पन्नाशी उलटलेले दाम्पत्य वेल्सच्या राजधानीला, कार्डिफला जाते. त्यांच्या दोन दिवसांच्या निमित्ताने या शहराचा इतिहास, त्याला मोठे करणारा कोळसा आणि तेथे जिद्दीने टिकवलेली भाषा यांची ओळख आपण करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• कार्डिफ शहराच्या वाढीची कारणे सांगू शकाल;
• एखाद्या वास्तूवरून इतिहास कसा वाचावा, हे स्पष्ट करू शकाल;
• भाषा मागे का पडते आणि तिला पुन्हा बळ कसे मिळते, याविषयी आपले मत मांडू शकाल.

मूळ पाठ

१. बोगद्यापलीकडचा देश

ग्रेट ब्रिटनच्या बेटावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स असे तीन देश आहेत. त्यांपैकी वेल्स पश्चिमेला आहे. डोंगराळ भूमी, भरपूर पाऊस, मेंढ्यांची कुरणे आणि पोटात कोळसा, असे त्याचे ढोबळ वर्णन करता येईल. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून निघालेली गाडी सुमारे दोन तासांत कार्डिफला पोचते. वाटेत सेव्हर्न नदीचे रुंद मुख लागते. १८८६ साली तिच्या तळाखालून सुमारे सात किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. गाडी बोगद्यात शिरते तेव्हा ती इंग्लंडमध्ये असते आणि बाहेर पडते तेव्हा वेल्समध्ये.

या दाम्पत्यातील पत्नीची आजी वेल्समधील कोळशाच्या खोऱ्यात वाढली होती. १९३०च्या दशकात खाणी बंद पडू लागल्या, तेव्हा हजारो कुटुंबांप्रमाणे तिनेही पोटासाठी लंडनची वाट धरली. ती वेल्श बोलत असे. पण आपल्या मुलांशी मात्र आवर्जून इंग्रजीच बोलली. मुलांना चांगली नोकरी मिळावी, कोणी त्यांना हसू नये, एवढाच तिचा हेतू होता. नातीच्या वाट्याला त्या भाषेतले एकही वाक्य आले नाही. आजी एकटीच असताना काहीतरी गुणगुणत असे, एवढे तिला आठवत होते. काय गुणगुणत असे, ते कळण्याचा मार्ग उरला नव्हता.

कार्डिफच्या स्थानकावर उतरताच दोन भाषांतील फलक दिसतात. एकावर एक लिहिलेली दोन नावे : वेल्शमध्ये ‘काएर्दीध’ आणि इंग्रजीत ‘कार्डिफ’. ‘काएर’ म्हणजे किल्ला. शहराजवळून टॅफ नदी वाहते. तिच्या काठचा किल्ला, असा या नावाचा अर्थ सामान्यतः लावला जातो. ज्या जागेवर स्थानक उभे आहे, तेथे पूर्वी नदीचे वळण होते. इझांबार्ड ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याने १९व्या शतकाच्या मध्यास नदीचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून रेल्वेसाठी जागा मोकळी केली. नदी हलवून वसवलेले शहर, असे कार्डिफविषयी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही.

स्थानकासमोरच्या चौकात एका स्त्रीचा मोठा कांस्यपुतळा आहे. राणी नव्हे, सेनानी नव्हे. साधी कृष्णवर्णीय स्त्री. रात्र झाली होती. ‘उद्या पाहू’ म्हणून दोघे निवासाकडे वळले.

२. एका किल्ल्यातील अनेक शतके

शहराच्या मधोमध कार्डिफचा किल्ला आहे. शनिवारी सकाळी दोघांनी तेथूनच प्रारंभ केला. हा किल्ला एका राजाने एका वेळी बांधलेला नाही. तो थरांनी वाढला आहे.

सर्वांत खालचा थर रोमन लोकांचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांनी नदीकाठी लष्करी ठाणे उभारले. पुढे तेथे दगडी तटबंदी आली. रोमन गेले, भिंती ढासळल्या आणि मातीखाली गेल्या. १९व्या शतकाच्या अखेरीस खोदकामात त्या पुन्हा सापडल्या, तेव्हा त्यांवरच नवी भिंत चढवण्यात आली. जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला कळावे म्हणून दोहोंच्या मध्ये तांबूस दगडांची ओळ बसवली आहे. जुन्या वास्तूची डागडुजी कशी करावी, याचा हा एक प्रामाणिक नमुना होय. नव्याने स्वतःला जुने म्हणवून घेतलेले नाही.

दुसरा थर नॉर्मनांचा. ११व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मातीची उंच टेकडी रचून तिच्यावर बालेकिल्ला बांधला. टेकडीभोवती आजही पाण्याचा खंदक आहे. विजेता विल्यम या इंग्लंडच्या राजाचा थोरला मुलगा रॉबर्ट याला त्याच्याच धाकट्या भावाने कैद केले. रॉबर्टची अखेरची वर्षे या किल्ल्यात गेली आणि ११३४ साली तो येथेच मरण पावला. बंदिवासात तो वेल्श भाषा शिकला, अशी परंपरा सांगते. ११५८ साली इवोर बाख नावाच्या वेल्श सरदाराने रात्री तट चढून किल्ल्याच्या धन्याला कुटुंबासह पळवून नेले आणि आपली बळकावलेली जमीन परत मिळेपर्यंत सोडले नाही. किल्ल्यासमोरच्या गल्लीत आज त्याच्या नावाचा एक संगीत-क्लब आहे. वेल्श बोलणाऱ्यांना एकत्र येता यावे, म्हणून तो १९८३ साली सुरू झाला.

तिसरा थर मात्र युद्धाचा नाही, पैशाचा आहे. १८व्या शतकात विवाहसंबंधातून हा किल्ला ब्यूट या उमराव घराण्याकडे आला. या घराण्यातील तिसरा मार्क्विस वडिलांच्या मृत्यूमुळे वर्षाचाही नसताना अफाट संपत्तीचा वारस झाला. त्याने विल्यम बर्जेस या वास्तुकाराच्या हाती किल्ल्यातील निवास सोपवला. बर्जेसने घड्याळाचा मनोरा उभारला. दालनांच्या भिंतींवर कथा आणि प्राणी रंगवले. अरबी पद्धतीच्या दालनाचे छत सोन्याच्या वर्खाने मढवले. १८८१ साली तो मरण पावला, तेव्हा याच दालनाचे काम चालू होते.

किल्ल्याच्या तटाच्या आत लांब भुयारे आहेत. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून बाँब पडत, तेव्हा सुमारे १,८०० माणसांना त्यांत आसरा घेता येत असे. १९४७ साली ब्यूट घराण्याने हा किल्ला शहराला देऊन टाकला. सोन्याचे छत आणि लाकडी बाकांची भुयारे एकाच आवारात पाहिल्यावर पतीने सहज विचारले, “एवढे सोने आले कोठून?” त्याचे उत्तर किल्ल्यात नव्हते.

पाठगत प्रश्न १
(अ) रोमन भिंत आणि नवी भिंत यांमधील तांबूस दगडांच्या ओळीचा हेतू काय?
(आ) ‘किल्ल्याचा तिसरा थर पैशाचा आहे’ असे लेखात का म्हटले आहे?

३. बाजारातील फाशीची जागा

किल्ल्यापासून दक्षिणेकडे गेले, की काचेच्या छपरांच्या बाजारगल्ल्या लागतात. मध्ययुगात रस्त्यालगतच्या दुकानांमागे लांब, अरुंद भूखंड असत. १९व्या शतकात त्यांवरच दोन रस्त्यांना जोडणाऱ्या आच्छादित गल्ल्या काढण्यात आल्या. त्यांतील सर्वांत जुनी १८५८ सालची. वेल्सच्या पावसात कोरडे राहून खरेदी करता यावी, ही सोय गिऱ्हाइकांना आवडली आणि अशा गल्ल्या वाढत गेल्या. रस्त्यावरून पाहिले तर त्यांचे तोंड एखाद्या दुकानाएवढे दिसते. आत शिरल्यावर सज्जे, जिने आणि लहान लहान दुकानांची रांग उलगडत जाते.

जवळच १८९१ साली उघडलेली मंडई आहे. लोखंडी खांबांवर उभे असलेले उंच छप्पर, खाली मासळी, भाजी, पाव आणि मसाले यांची दुकाने. येथे गरम तव्यावर भाजलेल्या ‘वेल्श केक’चा वास दरवळत असतो. मैदा, लोणी, साखर आणि मनुका यांची ही जाडसर गोल टिकली. वेल्समधील घराघरांत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. नाव केक असले, तरी ती भट्टीत न भाजता तव्यावर भाजतात.

मंडईच्या जागी पूर्वी तुरुंग होता. १३ ऑगस्ट १८३१ रोजी रिचर्ड लुईस नावाच्या तेवीस वर्षांच्या कामगाराला येथे फाशी देण्यात आली. लोक त्याला डिक पेंडेरिन म्हणून ओळखतात. त्या वर्षी मर्थर या लोखंडाच्या कारखान्यांच्या गावात मजुरीतील कपात आणि कर्जवसुली यांविरुद्ध कामगारांचा उठाव झाला. त्यात एका सैनिकाला जखमी केल्याचा आरोप डिकवर होता. तो शेवटपर्यंत नाकारत राहिला. हजारो लोकांनी दयेचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. अन्यायाबद्दलचे त्याचे अखेरचे उद्गार वेल्श भाषेत होते, असे सांगतात. आज मंडईत शिरणारा माणूस हातात पिशवी घेऊन त्याच जागेवरून जातो.

केक विकणाऱ्या बाईंनी पुडी हातात दिली, तेव्हा पत्नीने फलकावर वाचलेला शब्द धीर करून उच्चारला : “दिओल्ख.” म्हणजे ‘आभारी आहे’. बाईंचा चेहरा उजळला. त्या वेल्शमधून भराभर काही बोलल्या. पत्नीला त्यातले काहीच कळले नाही. तिने संकोचून मान हलवली. “हरकत नाही,” बाई इंग्रजीत म्हणाल्या, “माझीही सुरुवात एका शब्दानेच झाली. मी चाळिशीनंतर शिकले.”

४. काळ्या दगडाचे सोने

दुपारी दोघे शहराच्या उत्तरेकडील राष्ट्रीय संग्रहालयात गेले. वेल्ससारख्या लहान देशाच्या संग्रहालयात मोने, रेन्वा यांसारख्या फ्रेंच चित्रकारांची उत्तमोत्तम चित्रे पाहून नवखा प्रेक्षक थबकतो. ही चित्रे ग्वेंडोलिन आणि मार्गारेट डेव्हिस या दोन बहिणींनी संग्रहालयाला दिली. त्यांचे आजोबा डेव्हिड डेव्हिस तरुणपणी लाकूड कापण्याचे काम करीत. पुढे ते रेल्वेचे कंत्राटदार आणि कोळशाच्या खाणींचे मालक झाले. कमळांच्या तळ्याची ती कोवळी चित्रे अखेर कोळशाच्या पैशातून आली होती. सकाळच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले.

१८०१ साली कार्डिफची लोकसंख्या दोन हजारही नव्हती. उत्तरेकडील खोऱ्यांतून आधी लोखंड आणि नंतर कोळसा बाहेर पडू लागला आणि त्याला समुद्रापर्यंत नेणारी वाट कार्डिफमधूनच जात होती. प्रथम कालवा आला, १८३९ साली ब्यूट घराण्याने पहिली मोठी गोदी बांधली आणि त्यापाठोपाठ १८४१पर्यंत खोऱ्यातून बंदरापर्यंत रेल्वे धावू लागली. येथील कोळसा कमी धूर करणारा आणि भरपूर उष्णता देणारा असल्यामुळे वाफेच्या जहाजांना तो विशेष मानवत असे. जगभरच्या बंदरांत त्याचे साठे केले जात. मुंबईच्या गोदीतही एके काळी वेल्समधील कोळसा उतरत असे. १९०१पर्यंत कार्डिफची वस्ती दीड लाखाच्या पुढे गेली. १९०५ साली त्याला ‘शहर’ हा अधिकृत दर्जा मिळाला आणि १९५५ साली वेल्सची राजधानी होण्याचा मान मिळाला.

१९१३ हे कोळशाच्या व्यापाराच्या शिखराचे वर्ष. त्या एका वर्षात कार्डिफच्या गोदीतून एक कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर गेला. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, शहराच्या उत्तरेला असलेल्या सेंघेनिध येथील खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी खाण-दुर्घटना होय. एकाच वर्षाच्या वहीत ही दोन्ही नोंदी आहेत. शहराची श्रीमंती मोजताना दुसरी नोंद वगळून चालत नाही.

५. सहा घरे आणि एक ग्रंथालय

रविवारी सकाळी बसने शहराच्या पश्चिमेकडील सेंट फेगन्स या गावी जाता येते. तेथील इतिहास-संग्रहालय १९४८ साली सुरू झाले. येथे वस्तू काचेच्या कपाटांत नाहीत. घरेच आणून ठेवली आहेत. वेल्सच्या निरनिराळ्या भागांतील चाळीसहून अधिक इमारती दगड न्‌ दगड सोडवून, खुणा करून, येथे पुन्हा जशाच्या तशा रचल्या आहेत. शेतकऱ्याचे घर, शाळा, चर्च, पिठाची गिरणी, किराणा दुकान अशी ती एक वस्तीच आहे.

मर्थरहून आणलेली कामगारांची सहा घरांची एक चाळ येथे आहे. घरे एकमेकांना लागून, बांधणी सारखीच. पण प्रत्येक घर वेगळ्या काळातील सामानाने सजवले आहे : १८०५, १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि १९८५. पहिल्या दारातून शेवटच्या दारापर्यंत चालत गेले, की मेणबत्तीपासून दूरचित्रवाणीपर्यंतचा प्रवास होतो. सत्तेचा इतिहास किल्ल्यात वाचता येतो. चुलीचा इतिहास येथे वाचता येतो.

पुढे ओकडेल येथील खाणकामगारांची संस्था आहे. १९१७ साली बांधलेल्या या इमारतीत वाचनालय, सभागृह आणि बैठकीच्या खोल्या होत्या. कामगार आपल्या पगारातून वर्गणी देऊन अशा संस्था चालवीत. दिवसभर जमिनीखाली काम करणारी माणसे संध्याकाळी हात धुऊन पुस्तके वाचायला येत. शाळा लहानपणीच सुटलेली अनेक माणसे येथेच शिकली, सभेत बोलू लागली, संघटना चालवू लागली. दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत अशी कितीतरी वाचनालये होती. पत्नी त्या वाचनालयाच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. आजीचे वडील अशाच एखाद्या टेबलाशी बसले असतील, असे तिला वाटले.

पाठगत प्रश्न २
(अ) १९१३ सालच्या कोणत्या दोन घटनांचा उल्लेख लेखात आहे? त्या एकत्र का सांगितल्या असाव्यात?
(आ) ‘सत्तेचा इतिहास’ आणि ‘चुलीचा इतिहास’ यांतील फरक स्पष्ट करा.

६. खाडीचे बदललेले रूप

दुपारी दोघे कार्डिफच्या खाडीवर पोचले. जहाजे तेलावर चालू लागली, मंदी आली आणि कोळशाची मागणी घटत गेली. १९६४ साली येथून होणारी कोळशाची निर्यात थांबली. गोद्या ओस पडल्या. समुद्राच्या या भागात भरती-ओहोटीतील अंतर जगातील सर्वांत मोठ्या अंतरांपैकी एक आहे. त्यामुळे दिवसातून दोनदा पाणी ओसरून चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडत. १९९९ साली खाडीच्या तोंडाशी सुमारे १.१ किलोमीटर लांबीचा बंधारा पूर्ण झाला. टॅफ आणि एली या नद्यांचे पाणी अडून सुमारे २०० हेक्टरांचे गोड्या पाण्याचे सरोवर तयार झाले. बोटींना ये-जा करण्यासाठी दरवाजे आणि माशांना चढून जाण्यासाठी वेगळा मार्ग ठेवला आहे. बंधाऱ्याला विरोधही झाला होता. चिखलात चरणाऱ्या पाणपक्ष्यांचे खाद्यस्थान त्यामुळे बुडाले. त्यांच्यासाठी काही अंतरावर, न्यूपोर्टजवळ, नवी पाणथळ जागा राखून द्यावी लागली. विकासाच्या जमाखर्चात अशा नोंदीही असतात.

खाडीलगतचा ब्यूटटाउन हा भाग एके काळी ‘टायगर बे’ या नावाने ओळखला जाई. सोमालिया, येमेन, नॉर्वे, वेस्ट इंडीज, भारतीय उपखंड अशा ठिकाणांहून आलेले खलाशी येथे स्थायिक झाले. शेजार नेहमीच सुखाचा होता असे नाही. १९१९ साली येथे वंशद्वेषाची दंगल झाली होती. तरीही अनेक वंशांची, अनेक धर्मांची माणसे एकाच गल्लीत राहण्याची रीत येथे फार पूर्वी रुजली.

याच वस्तीत १९३४ साली बेटी कँपबेल यांचा जन्म झाला. शिक्षिका होण्याची इच्छा त्यांनी शाळेत बोलून दाखवली, तेव्हा कामगारवर्गातील कृष्णवर्णीय मुलीला ते जमणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. सतराव्या वर्षी मातृत्वामुळे शिक्षण सुटले. पण १९६० साली कार्डिफच्या अध्यापक महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, तेव्हा तीन मुलांची आई असलेल्या बेटींनी तेथे नाव घातले. पुढे त्या ब्यूटटाउनमधील शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. वेल्समधील त्या पहिल्या कृष्णवर्णीय मुख्याध्यापिका होत. मुलांना त्या गुलामगिरीचा आणि कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वाचा इतिहास शिकवीत. २०१७ साली त्यांचे निधन झाले. २०२१ साली स्थानकासमोर ज्यांचा पुतळा उभारण्यात आला, त्या या बेटी कँपबेल. शुक्रवारी रात्री ‘उद्या पाहू’ म्हटलेला पुतळा यांचाच होता.

खाडीच्या काठी वेल्सची संसद आहे. तिला ‘सेनेध’ म्हणतात. १९९७ साली वेल्सला स्वतःचे विधिमंडळ असावे की नाही, यावर जनमत घेण्यात आले. होकार आणि नकार यांत केवळ ६,७२१ मतांचा फरक होता. त्या निसटत्या कौलातून हे विधिमंडळ उभे राहिले. २००६ साली खुल्या झालेल्या या इमारतीच्या भिंती काचेच्या आहेत. लोकप्रतिनिधी वेल्श किंवा इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत बोलू शकतात आणि वेल्श भाषणाचा अनुवाद तत्काळ ऐकवला जातो.

७. भाषा जाते कशी, परत येते कशी

वेल्श ही इंग्रजीची बोली नाही. ती केल्टिक कुळातील स्वतंत्र भाषा असून तिला दीड हजार वर्षांची परंपरा आहे. १५८८ साली बायबलचा संपूर्ण वेल्श अनुवाद प्रसिद्ध झाला आणि त्याने लेखी भाषेला स्थैर्य दिले. परंतु १९व्या शतकात शिक्षण, न्याय आणि नोकरी यांची भाषा इंग्रजी होती. काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी पट्टी अडकवीत. दुसरे मूल सापडले, की पट्टी त्याच्याकडे जाई. दिवसाच्या शेवटी जिच्या वा ज्याच्या गळ्यात ती असे, त्या मुलाला शिक्षा होई. मुले एकमेकांवर पाळत ठेवू लागली. मातृभाषा ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, असा धडा त्या पट्टीने दिला. कायद्याने जेवढी भाषा मागे गेली नसेल, तेवढी ती लाजेने गेली. या लेखातील आजीने मुलांपासून आपली भाषा दूर ठेवली, त्यामागे हीच भीती होती.

१९०१ साली वेल्समधील सुमारे निम्मी माणसे वेल्श बोलत. २०२१च्या जनगणनेत हे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार माणसे, एवढे उरले. पण घसरणीबरोबर प्रतिकाराचाही इतिहास आहे. तरुणांनी केवळ इंग्रजी फलकांविरुद्ध चळवळ केली. वेल्श वाहिनीचे दिलेले वचन सरकार मोडत आहे, असे दिसताच १९८० साली ग्विन्वर एव्हन्स या नेत्याने उपोषणाची घोषणा केली. १९८२ साली ती वाहिनी सुरू झाली. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक कारभारात दोन्ही भाषांना समान वागणूक देण्याचे तत्त्व स्वीकारले. २०११ साली वेल्शला वेल्समध्ये अधिकृत दर्जा मिळाला. २०५०पर्यंत दहा लाख भाषक, असे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे. एकूण प्रमाण घटत असताना कार्डिफमध्ये मात्र २०११ ते २०२१ या काळात ते थोडे वाढले. वेल्श माध्यमाच्या शाळांत इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील पुष्कळ मुले शिकतात. प्रौढांसाठीही वर्ग चालतात. मंडईतील बाई अशाच वर्गाला गेल्या असतील.

८. परतीची गाडी

संध्याकाळी स्थानकाकडे येताना टॅफच्या काठचे भव्य स्टेडियम दिसते. रग्बीच्या सामन्याच्या दिवशी तेथे हजारो माणसे एका सुरात वेल्श राष्ट्रगीत गातात. एरवी वेल्श न बोलणारीही त्यात सूर मिसळतात. नदीच्या वरच्या अंगाला सोफिया गार्डन्स हे क्रिकेटचे मैदान आहे. ग्लॅमॉर्गन संघाचे हे घर. मुंबईचे रवि शास्त्री १९८७पासून काही हंगाम या संघाकडून खेळले.

गाडीला थोडा अवकाश होता. दोघे बेटी कँपबेल यांच्या पुतळ्यापाशी थांबले. मग पत्नीने स्थानकाजवळच्या दुकानातून वेल्श शिकण्याचे एक लहान पुस्तक घेतले. गाडी बोगद्यात शिरली, तेव्हा ती पहिल्या पानावरील शब्द हलक्या आवाजात वाचत होती. एका शब्दाच्या उच्चाराशी ती अडखळली, पुन्हा म्हणाली आणि थांबली. “हा आवाज मी ऐकलेला आहे,” ती पतीला म्हणाली. अर्थ तिला अजून ठाऊक नव्हता. पण आजी स्वयंपाकघरात काम करताना घशातून असाच ‘ख’ काढीत असे.

शब्दार्थ

बालेकिल्ला – किल्ल्यातील सर्वांत उंच, मजबूत भाग
मार्क्विस – ब्रिटनमधील उमरावांचा एक किताब
वर्ख – सोन्याचा किंवा चांदीचा अतिशय पातळ पत्रा
ओस – निर्जन, रिकामा
पाणथळ – सतत पाणी असलेली, दलदलीची जमीन
निसटता कौल – अगदी थोड्या फरकाने लागलेला निर्णय

तुम्ही काय शिकलात?

• कार्डिफ हे रोमन ठाणे, नॉर्मन किल्ला आणि कोळशाचे बंदर अशा टप्प्यांतून वाढलेले शहर आहे.
• शहराच्या संपत्तीमागे खोऱ्यांतील खाणकामगारांचे कष्ट आणि प्राण होते.
• भाषा बंदीमुळे मागे पडते, तशी लाजेमुळेही मागे पडते. घर, शाळा, कायदा आणि व्यवहार यांनी साथ दिली तर तिला पुन्हा बळ मिळते.
• शिकण्यास वयाचे बंधन नाही, हे ओकडेलचे वाचनालय आणि बेटी कँपबेल यांच्या उदाहरणांवरून दिसते.

स्वाध्याय

१. कार्डिफच्या वाढीत कालवा, गोदी आणि रेल्वे यांचा वाटा पाच-सहा वाक्यांत सांगा.
२. ‘नव्याने स्वतःला जुने म्हणवून घेतलेले नाही’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
३. खाडीवरील बंधाऱ्याचे फायदे आणि तोटे यांची तुलना करा.
४. तुमच्या घरात आजी-आजोबा, आई-वडील आणि तुम्ही कोणकोणत्या भाषा बोलता? तीन पिढ्यांत झालेला बदल व त्याची कारणे दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावातील एखादी जुनी वास्तू पाहा. तिच्यात निरनिराळ्या काळांच्या कोणत्या खुणा दिसतात, याची नोंद करा.